ढेकळं गेली कुठं?

वर्कशॉपमधलं भंगार विकून टाकता येतं, किस्से नाही. ते साठतच जातात, आणि दोन मित्र भेटले की बाहेर पडतात!

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी केडगावात दत्तूशेठच्या वर्कशॉपमध्ये वेल्डर होतो. शेठनं मोठ्या हौसेनं तव्यांचा कुळव बनवला होता. ट्रॅक्टरमागे जोडायचा; धारदार गोल तवे ढेकळं फोडत जायचे आणि मागची लाकडी फळी रान सपाट करायची. पण गिऱ्हाईक फिरकेना. शेठनं सांगून टाकलं, पेरणीपर्यंत एक तरी ऑर्डर आली तर ठीक, नाहीतर हे बंद करून खिडक्यांची ग्रिलं बनवायची. मला ग्रिलांचा मनापासून कंटाळा. मग मी आणि ड्रायव्हर सायमन डेमो दाखवत गावोगाव हिंडू लागलो.

*

पहिल्याच गावात एक आजोबा ट्रॅक्टरमागून अख्खं रान वाकून वाकून फिरले. शेवटी सायमनला बाजूला घेऊन विचारलं, "खरं सांग, ढेकळं कुठं लपवली?"

*

फळीवर वजन लागतं. बैलांच्या फळीवर माणूसच बसवायची रीत, म्हणून एका शेतकऱ्यानं पाहुणा आलेला आपला धिप्पाड जावई पुढं केला. सायमन म्हणाला, इथं तवे फिरतात, माणूस नको, दगड ठेवू. सासऱ्याचा चेहरा पडला. जावई मात्र हळूच माझ्याकडं वळला.

"दर पेरणीला हे मला आग्रहानं का बोलावत्यात, ते आज कळलं!"

*

घरांना दारंच नसलेल्या शिंगणापूरच्या वाटेवरच्या एका गावात आम्ही कुळव रात्रभर उघड्यावर सोडून घरी आलो. शेठ काळजीनं अर्धे झाले. सकाळी बघतो तर कुळव जागच्या जागी! फक्त तव्यांना ओली माती, आणि वर ठेवलेली मेथीची जुडी.

*

शेवटचा डेमो कर्जतकडं होता. हातात एकही ऑर्डर नव्हती, म्हणून शेठ जातीनं आले. त्या घरात शेतीच्या बाबतीत शेवटचा शब्द म्हातारीचा. अर्धं रान झाल्यावर ती आली, अनवाणी चालून बघितलं, माती चिमटीत घेतली, आणि सरळ आडवी झाली.

"पाठीला टोचलं न्हाई तर घिऊ," म्हणाली आणि डोळे मिटले.

आम्ही वाट बघत उभे. बराच वेळ झाला तरी म्हातारी उठेना. मग बारीक घोरणं ऐकू आलं.

तिचा म्हातारा हळूच जवळ गेला. डोक्याचं मुंडासं सोडून त्यानं तिच्या तोंडावर सावली धरली.

"गुडघं लई दुखत्यात तिचं. लई दिसांनी डोळा लागलाय," तो पुटपुटला.

शेठनं कुजबुजत विचारलं, "मग कुळवाचं काय?"

"घेतला की. ऱ्हायलेलं रानबी करून टाका," म्हातारा म्हणाला. "पर ट्रॅक्टर चालू करू नका."