शरयूचं हमीपत्र

मराठी विभागाच्या व्हरांड्यातला भित्तिपत्रकाचा फलक सकाळी रिकामा दिसला. टाचण्यांखाली फाटलेल्या कागदाचे कोपरे तेवढे राहिले होते. मी थोडा वेळ पाहत उभा राहिलो. राग यायला हवा होता, पण आला नाही.

आदल्या दिवशी तिथं शरयूचा लेख होता. ती माझी एम.ए.ची विद्यार्थिनी. मुलींच्या वसतिगृहाचं फाटक सातला बंद होतं आणि ग्रंथालय दहापर्यंत उघडं असतं, मग आम्ही वाचायचं कधी, एवढंच तिनं विचारलं होतं. आचारसंहितेत विद्यापीठाच्या बदनामीबद्दल एक कलम आहे. त्याखाली त्याच आठवड्यात तिला शिस्तपालन समितीपुढे बोलावलं. समितीत मीही होतो.

"सर, यातलं खोटं काय आहे?" तिनं माझ्याकडे बघून विचारलं.

मी समोरचा चहाचा कप उचलला. अध्यक्षच म्हणाले, "खऱ्याखोट्याचा प्रश्नच नाही. हमीपत्र द्या, नाहीतर परीक्षेचा अर्ज थांबेल."

यापुढे असं काही लिहिणार नाही, असं लिहून तिनं सही केली. खाली साक्षीदार म्हणून मी केली. या सगळ्यात कुणी आवाजसुद्धा चढवला नव्हता.

परवा वर्गात एक कविता वाचून झाल्यावर मी म्हटलं, "शरयू, तुला काय वाटतं?" पूर्वी एवढ्यावर ती तासभर भांडली असती.

ती उठून उभी राहिली. वही उघडत शांतपणे म्हणाली, "तुम्ही सांगा सर, मी लिहून घेते."