एकट्यापुरता मुलूख

बडोद्याला उतरलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. नाशिकहून मी एकच काम मनात धरून आलो होतो. माझ्या आजवरच्या प्रवासवर्णनांत ‘आम्ही’ म्हटलं की त्यातला दुसरा माणूस अरविंद असतो. पाठीच्या ऑपरेशननंतर त्याने घराबाहेर पडणं जवळजवळ सोडलं होतं. त्याला निदान पावागडापर्यंत तरी न्यायचंच, असं मी ठरवलं होतं. तिथे रोपवे आहे, म्हणजे चढणीची सबब चालणार नव्हती.

“गोरवामां कई बाजू, काका?” (गोरव्यात कुठल्या बाजूला?) रिक्षावाल्याने विचारलं. मी अडखळत गुजराती जुळवायला लागलो, तर तो हसून म्हणाला, “मराठीत बोला की, आमच्या घरी तीच चालते.” बडोद्यात माझा असा पचका दर खेपेला होतो.

सुमनवहिनींनी दार उघडलं. “या भावजी. हे घरातच आहेत, पण गावाला गेलेत.”

अरविंद वेताच्या खुर्चीत टीव्हीसमोर बसला होता. पाठीशी उशी, हातात बटणांचा रिमोट. मुलीने दिवाळीत पाठवलेला व्हिडिओ गेम होता. “बेस ने,” (बस ना) तो मान न वळवता म्हणाला, “एवढी खिंड उतरू दे.”

मग दुपारभर आम्ही त्या मुलखात हिंडलो. खोटं कशाला बोलू, मुलूख देखणा होता. गुडघाभर गवत वाऱ्याने एका बाजूला कलत होतं, ढग सरकला की डोंगराचा रंग बदलत होता. आणि दूरवर जे शिखर दिसेल तिथे खरोखरच जाता येत होतं. कुंपण नाही, पाटी नाही, ‘पुढे रस्ता बंद’ नाही. आयुष्यभर पायपीट करून मला इतकी मोकळीक कुठे मिळाली नव्हती. बनवणाऱ्यांनी जीव ओतला होता यात शंका नाही.

माणसांपाशी मात्र त्यांचा जीव आटला असावा. गावात जो भेटेल तो हरवलेली बकरी शोधायला सांगायचा. बकरी आणून दिली, तर पुढच्या गावात दुसरी हरवलेली असायची. मध्येच अरविंदचा घोडा अर्धा खडकात रुतला आणि तसाच शांतपणे शेपटी हलवत राहिला. “हे नेहमीचंच आहे,” अरविंद म्हणाला आणि पायी निघाला.

संध्याकाळी त्या मुलखात बर्फ पडायला लागला. अरविंदच्या वाटसरूला भूक लागली होती, अंगातली ताकद दाखवणारी रेघ लाल झाली होती. एका झोपडीत टेबलावर पाव ठेवलेला होता आणि चुलीशी एक म्हातारी बसली होती.

“घे की,” मी म्हणालो.

“विचारल्याशिवाय?”

तो म्हातारीसमोर उभा राहिला, बटण दाबलं. आज वारा फार आहे, असं ती म्हणाली. पुन्हा दाबलं, पुन्हा वारा. एवढ्या अवाढव्य खेळात पाव उचलायला बटण होतं, चोरायला होतं, मागायला नव्हतं. अरविंद उपाशीच बाहेर पडला, चढावर कोसळला आणि पडदा काळा झाला.

“यापायी मी कितीदा मेलोय,” तो म्हणाला. “पण लोकांच्या घरात शिरून खायचं उचलायचं म्हणजे काय!”

“इथे मात्र चिवड्याचा डबा न विचारता रिकामा होतो,” वहिनी आतून म्हणाल्या.

मी पोट धरून हसलो. त्याच भरात म्हणालो, “दुसरा रिमोट असेल तर दे, मीही येतो.”

“यात दुसऱ्याला जागा नाही रे. एकट्याचाच खेळ आहे हा.”

मला ते लागलं. गवताचं पान न् पान हलवणाऱ्यांना सोबतीचा एक माणूस सुचू नये?

सकाळी सेवउसळ आणायला एकटाच गेलो. गाडीवाल्याने मला ओळखलं. “अरविंदभाई केम देखाता नथी?” (अरविंदभाई दिसत का नाहीत?) ते प्रवासात आहेत, असं सांगून मी रश्श्यावरची तिखट तरी जास्त घालून घेतली. घरी पावाचा तुकडा रश्श्यात बुडवताना पावागडाचा विषय काढला.

अरविंदने वाटीतला रस्सा पावाने टिपून घेतला. मग म्हणाला, “रोपवेत बसेन मी. पण वर गेल्यावर तुझे पाय कड्याकडे वळणार आणि मी बाकावर तुझी पिशवी सांभाळणार.”

“मी थांबेन ना तुझ्यापाशी.”

“तेच नकोय मला. तू माझ्यासाठी थांबायचं, ते मला सोसणार नाही. तिथे माझे पाय चालतात.” त्याने टीव्हीकडे बोट दाखवलं.

दुपारच्या गाडीने निघालो. पावागड राहिला.

नाशिकला येऊन मीही तो खेळ घेतला. बोटं वळत नव्हती, दोनदा तळ्यात बुडालो. अरविंदचा रोज फोन येतो, कुठे वळायचं ते सांगतो, मी चुकलो की पूर्वीसारखाच खेकसतो. त्याचा आवाज इतका ताजा मी पुष्कळ दिवसांत ऐकला नव्हता. पण त्याच्या घरचा मुलूख त्याचा आणि माझ्या घरचा माझा. कितीही चाललो तरी गाठ पडायची नाही, याचं फार वाईट वाटतं.

काल मी पहिल्यांदाच मोठ्या नदीपर्यंत पोचलो. फोन कानालाच होता.

“झुलता पूल दिसतोय,” मी म्हणालो.

“अरे, मीही पुलावरच आहे! मधोमध ये.”

मी मधोमध जाऊन उभा राहिलो. खालून पाण्याचा आवाज येत होता, फोनमधूनही तोच.

“आलास?”

“आलो.”

“मग घाई नको करू,” अरविंद म्हणाला. “थोडा वेळ थांबू इथे.”

मी थांबलो. पूल या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामा होता.