आप्पांचा बॅरोमीटर

अख्ख्या उदगीरात आभाळावर विश्वास न ठेवणारा एकच माणूस होता, तो म्हणजे माझे घरमालक आप्पा. त्यांचा विश्वास बॅरोमीटरवर. किराणा दुकान चालवणारे आप्पा सकाळी लिंगपूजा आटोपली की भिंतीवरच्या त्या पितळी तबकडीला टिचकी मारत, मगच चहा घेत. काटा चढलेला असला तर गिऱ्हाइकाने घासाघीस करायची नाही, कारण "हवाच जड हाय". उतरलेला असला तर पापड वाळत घालायचे नाहीत. मी वार्ताहर असल्याने हवामानाची प्रत्येक बातमी त्यांच्याकडून तपासली जाई आणि बहुधा नापास होई. त्या दुष्काळी वर्षी चौकाचौकांत नव्या जिल्ह्याच्या मागणीचे फलक लागले होते. आप्पा म्हणत, "जिल्हा मागायलेत. आधी नळाला पाणी मागा म्हणावं, साहेब."

आप्पांच्या पत्नी, काकू, पक्षाघाताने खाटेला खिळलेल्या. पत्र्याच्या खोलीत त्यांची दुपार ओल्या चादरीवरच निभायची. टँकरचे पाणी त्यांना गिळवत नसे. "पावसाचं पाणी पाजा एकदा," एवढेच त्यांचे मागणे.

मेअखेरीस काटा झपाट्याने खाली आला. पहिल्या पावसाआधी हौद घासायचा, म्हणजे पत्र्यावरून येणारे पाणी निर्मळ साठते, ही त्या घरची रीत. आप्पांनी हौदातले उरलेसुरले पाणी उपसून रस्त्यावर ओतले.

शेजारच्या खाला दारातून म्हणाल्या, "आप्पा, पानी कायकू बहा रहे? आभाळ तो देखो."

"आभाळ फसवतंय, खाला. काटा न्हाई फसवत."

फसवले काट्यानेच. जमीन इतकी भाजली होती की तिच्यावरची हवा हलकी झाली आणि खालचा दाब उतरला. उंचावर मात्र जास्त दाबाची हवा झाकणासारखी बसली होती. ती ढग वाढू देत नव्हती. पृथ्वी तापते आहे तशा अशा उष्णतेच्या लाटा अधिक कडक होत आहेत, असे शास्त्रज्ञ सांगतात. आप्पांची तबकडी जुन्या उन्हाळ्यांवर बेतलेली होती.

पाऊस आला नाही, टँकरही आला नाही. काकूंना ताप भरला. खालांनी न विचारता आपल्या घागरी आणून ठेवल्या. आप्पा खाटेशी बसून चादर भिजवत राहिले.

"काटा काय म्हंतोय?" काकूंनी डोळे न उघडता विचारले.

आप्पा जागचे उठले नाहीत. "पाऊस हाय म्हंतोय. पडून ऱ्हा."

"मग ठीक हाय," त्या म्हणाल्या.

दिवेलागणीला काकू गेल्या. चादर ओली होती.