देवळाच्या ओट्यावरची मशीन

आमच्या मारुतीच्या देवळातले पुजारी लाकूड कापायच्या मशीनचे सुटे भाग पार्सलने मागवून ओट्यावर जोडत बसतात. झाडं तोडायची नाहीत त्यांना. फवारणीचा पेट्रोलवर चालणारा पंप बंद पडला की गावाला दुरुस्तीसाठी वाशिम गाठावं लागतं, ते काम त्यांना शिकायचंय. शिकताना दुसऱ्याचा पंप बिघडवायचा नाही, म्हणून तसल्याच इंजिनाची ही स्वतःची मशीन.

आरतीआधी राखेनं हात घासतात, तरी नखं काळीच. कुणी टोकलं तर म्हणतात, "मारुतीला तेलाचं वावडं न्हाई. तुमाला काहून तकलीफ?"

परवा दोरी ओढता ओढता मशीन एकदम सुरू झाली. गल्ली जमली. मी घरातून नारळ घेऊन धावलो. महाराजांनी जरा वेळ कान देऊन ऐकलं, मशीन बंद केली आणि पान्हा घेऊन पुन्हा खोलायला बसले.

"महाराज, सुरू झाली की!"

"व्हय. पर काहून झाली, ते कळलं न्हाई. नारळ घरी न्या. कळलं की मीच मागून घेतो."

नारळ परत करणारा पुजारी मी पहिल्यांदाच पाहिला.