सणाची उसनी पाळी

हिंगणघाटच्या सूतगिरणीत लागून मला बरीच वर्षं झाली, तरी खात्यातले लोक मला पाव्हणाच म्हणतात. गाव सांगलीकडचं, शाळा आठवीत सुटलेली, इथं ना नातं ना गोतं. म्हणून मी पहिल्यापासून एक धरून ठेवलं. ज्याचा सण असेल त्याला घरी पाठवायचं आणि त्याच्या पाळीत आपण उभं राहायचं. तशी ही खात्याची रीतच आहे. साहेबांना मशीन चालू पाहिजे, तुटलेला धागा कोण जोडतंय ते आम्ही आपसात बघतो. तू माझ्या ईदला, मी तुझ्या दसऱ्याला. त्यामुळे कोणाचा उपास कधी सुटतो, कोण अनवाणी आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. देव कोणाचा खरा, यावर कोणी फार बोलत नाही. बोललं तर पाळी कोण करणार?

मला स्वतःला कधी काही मागायची वेळ आली नव्हती. मग बहिणीचं लग्न ठरलं. वडील नाहीत, भाऊ मी एकटा. मांडवात नवरदेवाचा कान पिळायला भाऊ लागतो. चुलतभाऊ उभा केला तरी लोक चालवून घेतात, पण तिनं फोनवर विचारलं, "तू येशील ना नक्की?" तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

रजा मिळाली ती गाडीच्या दुसऱ्या दिवसापासून. गाडीच्या दिवशी शेजारच्या मशीनवरच्या भाईची सुट्टी होती, त्यानं माझी पाळी घेतली. "तब तक ईद होऊन जाईल. अल्ला कसम, तू जा." चंद्र दिसला की दुसऱ्या दिवशी ईद, आणि माझी गाडी त्याच्या पुढच्या दिवशी.

चंद्र बघायच्या संध्याकाळी चहाच्या टपरीपाशी सगळे माना वर करून उभे होते. भाईनं खजुरावर रोजा सोडला. चंद्र मात्र त्याच्यापेक्षा मीच जास्त शोधत होतो. मनातल्या मनात आमच्या बिरोबाला म्हणत होतो, देवा, यांचा चंद्र दाखव. आभाळ भरलेलं होतं. थोड्या वेळानं मशिदीतून सांगितलं, चंद्र दिसला नाही. म्हणजे ईद परवा. म्हणजे माझ्या गाडीच्याच दिवशी.

भाईनं हातातली खजुराची बी बाजूला टाकली. मग म्हणाला, "जबान दिली ना. राह्यतो मी उभा."

ईदची नमाज सकाळी, पाळीही सकाळी. नमाज त्यानं माझ्यापायी सोडायची? 'नको' म्हणायला हवं होतं, पण बहिणीचा फोन आठवत राहिला.

तेवढ्यात रातपाळीचे काका चहाला आले. जवळच्या खेड्यातले, शेती सांभाळून गिरणीत येणारे. भाईशी त्यांचं रोजचं भांडण.

"काऊन रे पाव्हण्या, तोंड काऊन पाडलं?"

भाईनं सांगितलं. काकांनी वर बघितलं. "तुमचा चंद्र म्हणजे आमच्या गावची एसटी. आली तं आली."

"अन् तुमची देवीमाय? डोंगरावर बसून पायी बोलावते!"

"बोलावते तं! मी गेलतो तवा माह्या मशीनवर कोण होतं? तूच ना? मंग चूप बस." काका माझ्याकडे वळले. "त्या दिवशी मी रातपाळी करून तसाच थांबतो. हा नमाज पढून येईल, मंग मी जाईन. तू जाय."

"काका, तुमची झोप?"

"झोप का पळून चालली?"

निघालो त्या सकाळी एसटीच्या खिडकीतून ईदगाहकडे चाललेली माणसं दिसली. भाई दिसला नाही. नमाज लांबली तर? काकांचा डोळा लागला आणि तेवढ्यात साहेब आले तर? वर्ध्याच्या फलाटावरून फोन लावला. खात्यात फोन नेऊ देत नाहीत हे मला माहीत होतं, तरी लावत राहिलो. पाळी सुटल्यावर भाईचा फोन आला, तेव्हा मी गाडीत होतो.

"नमाज झाली. काकाले शीरखुर्मा नेला, तं त्याचा उपास! डबा घेऊन गेला नातवांसाठी."

मी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. समोरच्या बाईनं पाण्याची बाटली पुढं केली.

मांडवात नवरदेवाचा कान मी जरा जोरातच पिळला. बहीण रडता रडता हसली.

परत आलो तर गेटवरच काका. "पाव्हण्या, हनुमान जयंतीले..."

"मी थांबतो," त्यांचं पुरतं ऐकायच्या आत मी म्हणालो.

"अबे, जेवाले येजो म्हणून राह्यलो!"

जायचं तर आहे. पण त्या दिवशी माझी सकाळची पाळी आहे, आणि ती घ्यायला कोणाला विचारावं ते अजून ठरत नाही.