न तपासलेली मोट

विहिरीचं पाणी ओढायची चामड्याची मोट शिवून झाली की तिच्यात पाणी भरून ती सकाळी आढ्याला टांगायची. दिवस मावळेपर्यंत खालची जमीन कोरडी राहिली तरच मोट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. आमच्या घरातली ही रीत. माझ्या बापानं तिच्यात कुणाला सूट दिली नाही, मीही दिली नाही. पण बापाच्या काळी पाणी होतं.

दुष्काळाच्या साली आमची चामड्याची सोसायटी नवीनच होती. जनावरं मरत होती, त्यामुळं कातडं उदंड आणि कवडीमोल. पण उपाशी जनावराचं कातडं ते, अंगात दम कुठला असणार? चेअरमन माझा चुलतभाऊ, वयानं मोठा, मी दादा म्हणायचो. त्याचं म्हणणं, माल स्वस्त आहे तोवर घ्या, शिवून ठेवा, पाऊस पडला की सगळं खपंल. पायताणं तर खपतच होती, दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्यांना ती लागायचीच. मोटा कोण घेणार? विहिरी कोरड्या. तरी मजुरी नगावर होती, म्हणून मी मोटाही शिवल्या. एक मात्र सांगून ठेवलं होतं की दुष्काळी कातड्याच्या मोटा वेगळ्या कोपऱ्यात ठेवा.

आमचा सेक्रेटरी शिकलेला, नीटनेटका माणूस. गोडाऊन झाडून घेताना त्यानं जुन्या-नव्या सगळ्या मोटा एकाच थप्पीत लावल्या, आणि वाळून चिरू नयेत म्हणून सगळ्यांना करंजाचं तेल चोपडलं. तेल लावलं ते चांगलंच केलं. पण मग सगळ्या सारख्याच दिसायला लागल्या.

अशात नळदुर्गकडचा एक बागाईतदार आला. त्याची विहीर खोल करायचं काम चाललं होतं. तळाला झरा पाझरत होता, पण इंजिन गाळ ओढून बंद पडायचं. उसाच्या शेंड्यावर, वाढ्यावर त्यानं बैल जगवले होते. त्याला दोन मोटा पाहिजे होत्या, त्याही लगेच. सोसायटीत आनंदीआनंद झाला.

मला मात्र बसवेना. मोट भरून वर येते तेव्हा खाली गाळ काढणारी माणसं असतात. भरली मोट डोक्यावर फाटली तर माणूस उठत नाही. मी थप्पीतली एकेक मोट ओढून बघितली, अंगठा फिरवला, उन्हात धरली. मीच शिवलेल्या, पण जुनी कुठली आणि दुष्काळातली कुठली, मला ओळखू येईना.

दादा म्हणाला, "कुठल्याबी दोन दे. गाडी परवा येणार हाय."

"पाण्यानं बघितल्याबिगर देत न्हाय."

"पाणी काय तुझा बाप आणून देतोय?"

टँकर कधी यायचा, कधी नाही. आला तर आमच्या वस्तीचा नंबर शेवटी. घरच्या रांजणात होतं तेवढंच. बायको खडी फोडायला गेली होती, तेवढ्यात मी रांजण रिकामा केला. खालची शिवण बुडेल एवढं पाणी मोटेत घातलं आणि वजनाला धुतलेले दगड भरले. कातड्याला लागलेलं पाणी पिता येत नाही, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही.

बायको आली, रांजणात बघितलं, टांगलेली मोट बघितली. घागर घेऊन शेजारी गेली आणि रिकामी परत आणली.

पहिली मोट धड निघाली. तिला ओळखायला चामड्याच्या वादीची गाठ बांधली आणि दुसऱ्या दिवशी तेच पाणी, तेच दगड दुसरीत घातले. ऊन डोक्यावर आलं आणि तिचं पोट फाटलं. सगळं पाणी जमिनीवर. शेजारच्या कोंबड्या धावत आल्या.

मी शिवण चाचपून बघितली. म्हणालो, "शिवण शाबूत हाय. कातडंच गेलं."

बायको म्हणाली, "मग शिवण प्या आता."

तिसरी तपासायला थेंब उरला नव्हता. सकाळी गाडी आली. दादानं गाठ बांधलेली मोट गाडीत टाकली आणि थप्पीवरची आणखी एक काढून टाकली. मी दोन्ही मोटांवर जाऊन बसलो.

"तू कुठं निघालास?"

"मोटंसंगं."

वाटभर मी त्या न तपासलेल्या मोटेवर हात फिरवत होतो. गाडीवान हसला. म्हणाला, म्हशीला कुरवाळल्यासारखं काय करताय.

विहिरीवर गेल्यावर मालकाला सरळ सांगितलं की गाठीची मोट तपासलेली आहे, ही दुसरी नाही. हिच्या खाली पहिल्यांदा मी उभा राहणार. मालकानं माझ्या पायांकडं बघितलं. आमच्या हातची मोट विहिरीला चालायची, आमचा पाय चालत नव्हता. तेवढ्यात खालून गाळ काढणाऱ्यांचा म्होरक्या ओरडला, "पाणी लागंल तवा इटाळाचं बगू मालक. आता नुस्ता चिखूल हाय. येऊ द्या त्यास्नी."

मालकानं तोंड दुसरीकडं केलं. मी उतरलो.

बाकीचे कडेला सरकले. बैल धावेच्या उताराला लागले, नाडा ताणला आणि माझीच मोट पोट सुटल्यासारखी माझ्या डोक्यावर चढायला लागली. मी वर बघत राहिलो. गढूळ पाणी कपाळावर, खांद्यावर ठिबकत होतं. मोट वर गेली, रिती झाली, परत आली. पुन्हा भरली. दुपार कलली तरी मी जागचा हललो नाही.

म्होरक्या म्हणाला, "आता बसा की. न्हाय फुटत."

"गळती हाय थोडी."

"शिवण फुगली की बंद हुईल. शिवणारे तुमी का आमी?"

संध्याकाळी गळती थांबली, तेव्हाच वर आलो.

परत आल्यावर गोडाऊनच्या दारात बसलो आणि उरलेली थप्पी विकू दिली नाही. दादा लई बोलला, मग दमला. सगळ्या मोटा फाडून त्यांची पायताणं केली. त्यात चांगल्या जुन्या कातड्याच्याही गेल्या असणार, इलाज नव्हता.

बायकोनं एवढंच विचारलं, "फुटली का?"

"न्हाय."

"मग आता कशाला येरझाऱ्या घालताय?"

नळदुर्गकडून गाडी आली की मी रस्त्यावर जायचो आणि त्या विहिरीवरची मोट अजून चालती का, ते विचारायचो. विहिरीला पाणी लागलं का, ते मी कधी विचारलं नाही.