तिच्या सेलचा आकडा

माझ्या रूममेटचा सेल माझ्या सेलपेक्षा सरस निघाल्याचं मला तिच्याकडून नाही, शेजारच्या बॉथेल गावातल्या काकूंकडून कळलं. शनिवारी त्यांच्याकडे जेवायला गेले होते. पोळी वाढताना म्हणाल्या, "तुझ्या रूममेटचा फोन होता. लॅबमध्ये तिचं काहीतरी फार छान झालंय म्हणे." मला ती पोळी संपेना.

आम्ही दोघी एकाच लॅबमध्ये पीएचडी करत होतो. ग्रॅफाइटचा तुकडा डोळे दिपतील इतका तापवायचा आणि त्याच्या उष्णतेच्या किरणांपासून वीज करायची. सोलर सेलसारखाच सेल, फक्त सूर्याऐवजी समोर ग्रॅफाइट. सेलच्या पाठीला सोन्याचा आरसा असतो. ज्या किरणांची वीज होत नाही ते त्याने परत ग्रॅफाइटकडे धाडायचे. माझ्या आरशाचे दोन वर्षं पोपडे निघत होते. तिचा सहा महिन्यांत बसला, तोही गाणी ऐकत ऐकत. मी जळफळत होते, दुसरा शब्द नाही. पेपरवर पहिलं नाव एकीचंच लागणार होतं, जिच्या सेलचा आकडा, म्हणजे उष्णतेतल्या किती टक्क्यांची वीज झाली तो, मोठा तिचं.

सोमवारी प्रोफेसरांनी तिचा सेल मला पुन्हा मोजायला सांगितला. मला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. चूक सापडेपर्यंत सोडायचंच नाही, असं ठरवून मी हात धुऊन त्या सेलच्या मागे लागले.

गुरुवारी सापडली. सेलखाली तांब्याचा ठोकळा असतो. सेलने किती उष्णता फुकट गिळली ते त्यावरून कळतं. ठोकळ्याला थेट झळ लागू नये म्हणून भोवती एक चकचकीत पत्रा बसवतात. तिच्या मोजणीच्या फोटोंत तो पत्राच नव्हता. मी लॅबमध्ये एकटीच हसले. मग पत्रा बसवून पुन्हा मोजलं आणि हसू मावळलं. ठोकळ्याला लागलेली झळ तिने सेलच्या माथी मारली होती. तिचा सेल ती सांगत होती त्याहूनही चांगला होता.

त्याच आठवड्यात माझा नवा सेल एकदाचा जमला होता, आणि त्याचा आकडा तिच्या जुन्या आकड्याच्या जरासा वर होता. 'तिचं मोजमाप बरोबर आहे' एवढं लिहून दिलं असतं, तर पहिलं नाव माझं होतं. शुक्रवारभर ती मेल माझ्यासमोर अर्धवट लिहिलेली होती.

शनिवारी संध्याकाळी ती ओट्यापाशी कांदा चिरत होती. मी सगळं सांगून टाकलं.

"वाटलंच काहीतरी चुकलंय," ती म्हणाली. "म्हणून तर प्रोफेसरना तुझं नाव सजेस्ट केलं."

"माझंच का?"

"बाकी कोणीही लगेच ओके केलं असतं यार. तुला माझा नंबर खोटा ठरवायचा होता. तू नीट चेक करणार, हे माहीत होतं."

बोलण्यात कुचकेपणा नव्हता. म्हणून जास्त लागलं.

"आणि मी तुला सांगेन, हेही माहीत होतं?"

"ते नव्हतं." तिने चिरलेला कांदा कढईत टाकला. "तुझं गुरुवारचं रीडिंग शेअर्ड फोल्डरमध्ये आहे. मी तेव्हाच पाहिलं. आज शनिवार आहे."

मला तेव्हाही तिचा हेवाच वाटला. दोन दिवस आम्ही दोघीही गप्प होतो, आणि लाज फक्त मला वाटत होती.